उन्हात झोपलेला माणूस

आमच्या घरी दुपारी सगळेच झोपायचे, त्यामुळे माझा नवरा जास्त झोपतो हे कळायला मला पाच वर्षं लागली.

जळगावच्या उन्हाळ्यात साडेबारा वाजले की बाजारातली शटरं अर्धी खाली येतात. आमच्या घरात त्याच वेळी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून कूलर सुरू व्हायचा आणि मधल्या खोलीत ओळीनं सतरंज्या पडायच्या. सासूबाई कूलरच्या तोंडाशी, सासरे, ज्यांना सगळी गल्ली नाना म्हणते, भिंतीकडे तोंड करून, आणि नानांची थोरली बहीण अक्का दारात आडवी, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कुणी बाहेर जाऊ शकणार नाही. चार वाजेपर्यंत दारावरची बेल वाजली तरी कुणी उठत नसे. याला कुणी आळस म्हणत नाही. त्या उन्हात जागं राहणारा माणूसच जरा विचित्र ठरतो.

ती विचित्र मी होते. माझं माहेर धुळ्याचं. ऊन तिथंही काही कमी नाही, पण आई आणि वडील दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळेतून आल्यावर दुपारभर घरात मी आणि लायब्ररीची पुस्तकं. ती सवय लग्नानंतरही गेली नाही. सगळे झोपले की मी कोपऱ्यात भिंतीला टेकून वाचत बसायची. बोलायची मला फारशी सवय नव्हती आणि इंग्रजी शाळेत शिकलेली सून म्हणून माझ्याशीही कुणी फार बोलत नसे. पण त्या दुपारींमुळे मला प्रत्येकाचा श्वास ओळखू यायला लागला. नाना झोपण्याआधी दोनदा कूस बदलतात. सासूबाई एकदा पाणी मागतात. अक्का तर झोप लागल्यावरही पाच मिनिटं बोलत असते. त्यांची झोप हळूहळू उतरत यायची. माझ्या नवऱ्याची तशी नव्हती. तो वाक्याच्या मधेच झोपायचा. "उद्या ऑफिसातून येताना मी" एवढं म्हणून संपला.

(समोर मी त्याला 'अहो' म्हणते. कागदावर 'तो' लिहायला मला सोपं जातं.)

हिवाळ्यात आमच्याकडे दुपारची झोप बंद होते. त्याची झाली नाही. डिसेंबरात त्याच्या मित्राच्या शेतात भरिताची पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या, पुरुष मोठमोठ्यानं बोलत होते, आणि हा भाकरीचा तुकडा हातात धरून झोपलेला. मित्रांनी त्याच्या डोक्यावर वांग्याची सालं ठेवली तरी उठला नाही. सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर अक्कानं पदर तोंडाला लावून सगळ्यांसमोर तिच्या अहिराणीत निकाल दिला, "नवी बायको शे ना. रातले झोपू देत नही व्हई."

लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मुलगी तीन वर्षांची होती, तरी अक्काच्या लेखी मी नवीच. मी कान लाल होईपर्यंत भाकरीच्या परातीकडे बघत राहिले. त्यानंतर मात्र तो जिथे झोपेल तिथे लोक माझ्याकडे बघत. कुणाच्या लग्नात मांडवात झोपला, की त्या घरच्या बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारत. मी लग्नांना जाणं टाळायला लागले. रविवारी सकाळी सिनेमाचं, बाजाराचं ठरायचं आणि अकरा वाजता तो सतरंजीवर असायचा. मुलगी आवाज न करता खेळायला शिकली होती. तिच्या घरघरच्या खेळात आई-बाहुली चुलीपाशी, आजी-बाहुली दारात, आणि बाबा-बाहुला नेहमी आडवा. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

तो एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन आहे. हात इतका सुरेख की त्याच्या नकाशातली अक्षरं छापल्यासारखी वाटतात. कधी काम घरी आणायचा. एकदा त्यानं शाईनं काढलेली कुणाच्या तरी बंगल्याची भिंत मला दिसली. सरळ जाता जाता ती मधेच घसरली होती आणि कंपाउंड ओलांडून रस्त्यावर गेली होती. तो अर्ध्या ब्लेडनं ती शाई हलकेच खरवडत होता.  नंतर मी मुद्दाम बघायला लागले, तर प्रत्येक ट्रेसिंग पेपरवर अशा दोन-तीन खरवडलेल्या जागा होत्या. उजेडासमोर धरलं की दिसायच्या.

आणि एक गोष्ट होती, ती फक्त मला माहीत होती. बाहेर मी मुकी असले तरी आमच्या खोलीत मी अक्काची नक्कल करते. पदर कसा खेचते, चहा बशीत ओतताना ओठ कसे पुढे काढते, सगळं. पहिल्यांदा केली तेव्हा तो हसायला लागला आणि हसता हसता भिंतीवरून खाली घसरत गेला. मान पडली, हातातला पेला सुटला. मला वाटलं, नाटक करतोय. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मी नक्कल सुरू केली तर म्हणाला, "नको गं," आणि पलंगाच्या कडेला घट्ट धरून बसला. लोक म्हणत, हा माणूस कधी हसत नाही, फार गंभीर. मला ते विचित्र वाटायचं, कारण हसणं त्याला इतकं आवडायचं.

मग ते वर्ष आलं, ज्या जूनमध्ये मुलगी शाळेत जाणार होती. शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडे. त्याच्याकडे एक जुनी स्कूटर होती, पुढे मुलीला उभं करायचं आणि ऑफिसला जाताना सोडायचं असं ठरलं. मुलीनं दप्तर घेतल्या दिवसापासून ते पाठीवरून उतरवलं नव्हतं.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर बिबड्या घालतात. ज्वारी भिजवून, वाटून, पहाटे मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि उजाडताच ओल्या हातानं पांढऱ्या धोतरावर गोल गोल पापड्या थापायच्या. गल्लीतल्या पाच-सहा जणी येतात. नऊच्या आत काम उरकतं, नंतर फक्त राखण. कावळे, शेळ्या आणि मधेच येणारी वावटळ. राखणीला कोण, यावर दरवर्षी भांडण होतं. त्या रविवारी सासूबाई त्याला म्हणाल्या, "नाही तरी लोळतोसच. वर जाऊन लोळ."

"आणि कावळा आला म्हंजे?" अक्का म्हणाली.

"घोरणं ऐकून पळेल."

तो वर्तमानपत्र आणि एक लांब काठी घेऊन गेला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला. जेवायला खाली आला नाही. सासूबाई म्हणाल्या, येईल भूक लागली की. मग सतरंज्या पडल्या, कूलर सुरू झाला.

दीडच्या सुमाराला मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, ओली बिबडी." अर्धवट वाळलेली बिबडी मुलांना फार आवडते. मी अक्काला ओलांडून, पायात चप्पल घालून गच्चीवर गेले, कारण त्या वेळी गच्चीची फरशी तव्यासारखी असते.

टाकीची सावली टाकीखाली गेली होती. तो होता तिथेच होता. भर उन्हात, एका कुशीवर, तोंड उघडं. गालाचा वरचा भाग, कान, मान लालभडक. वर्तमानपत्र उडून कठड्याला अडकलं होतं. धोतरावर चार कावळे निवांत चालत होते, एक तर त्याच्या काठीवर बसला होता.

मी हाक मारली. हलवलं. त्याचे डोळे उघडले. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण हात उचलेना, ओठ हलेनात. मला वाटलं, गेला. किती वेळ ते सांगता येत नाही, एखादं मिनिट असेल, मी माझ्या पदरानं त्याच्यावर सावली धरून उभी होते आणि तो आतून माझ्याकडे बघत होता. मग बोटं हलली. पहिलं वाक्य बोलला ते असं, "मी जागाच होतो."

खाली गोंधळ उडाला, पण तो बिबड्यांवरून. सासूबाईंनी कावळ्यांनी टोचलेल्या बिबड्या मोजून वेगळ्या काढल्या. अक्का त्याच्या गालाला कैरीचा गर लावत म्हणाली, "बठ्ठं जग झोपस, हाऊ जरा जास्त झोपस." सगळं जग झोपतं, हा जरा जास्त, एवढंच. नाना हसले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून सांगितलं आणि ताकदीची सुई दिली. ती सुई ते सगळ्यांनाच देतात.

मला हसू आलं नाही. जळगावच्या मे महिन्यात दुपारी दीड वाजता उन्हात कुत्रं बसत नाही. झोपेच्या ओढीनं झोपलेला कुणीही माणूस, सावली सरकली की सरकतो. झोपेतच सरकतो, अंग आपोआप सरकवतं. त्याचं अंग त्याला काही सांगत नव्हतं. आणि तीन आठवड्यांनी माझी मुलगी त्याच्या स्कूटरवर पुढे उभी राहणार होती.

संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघं धोतरं झटकत होतो तेव्हा मी विचारलं, "अहो, स्कूटरवर झोप येते का?"

त्यानं धोतराची घडी घातली. मग म्हणाला, "लवंग धरतो दाताखाली. मोठ्यानं पाढे म्हणतो."

"आणि?"

"फाटकाशी थांबलो की जास्त येते. एकदा मागच्यांनी हॉर्न वाजवला तेव्हा कळलं, गाडी जाऊन फाटक उघडलंय."

"एकदा?"

"चार-पाचदा." मग माझ्याकडे न बघता, "घरी सांगू नकोस. आळशी म्हणतात ते मी ऐकून घेतो. आजारी म्हणायला लागले तर ऑफिसात कोण ठेवेल मला? आणि पोरीला शाळेत सोडायला मी जाणार असं मी तिला सांगून बसलोय."

त्या दिवसापासून मी वही ठेवली. इंग्रजीत लिहायची, कारण ती घरात कुणी उघडली तरी वाचणार नाही. किती वाजता झोपला, बोलता बोलता की बसल्या बसल्या, किती मिनिटं, उठल्यावर हात हलत होते का, हसला का, हसल्यावर काय झालं. बारा दिवस. परीक्षेला असावी तशी नेटकी वही. मला माझी भीती अशी वहीत मांडता आली की ती जरा आटोक्यात येते.

मग माहेरपणाचं निमित्त काढून मी त्याला धुळ्याला सोबत नेलं. बसमध्ये तो पारोळ्यापर्यंत माझ्या खांद्यावर होता. धुळ्यात वडिलांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, तुटक बोलणारे. त्यांनी आधी नेहमीचेच प्रश्न विचारले.

"रात्री किती वाजता झोपता?"

"दहाला."

"दारू?"

"नाही."

"मग काम आवडत नसेल."

तो खाली बघायला लागला. मी पर्समधून वही काढून टेबलावर ठेवली. तोंडानं सांगायला गेले असते तर तिसऱ्या वाक्याला अडकले असते. डॉक्टरांनी पहिलं पान चाळल्यासारखं बघितलं, दुसरं वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पंखा फिरत होता. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हसल्यावर मान पडते असं लिहिलंय. तुम्ही स्वतः बघितलंय?"

"हो."

"किती वेळा?"

"दरवेळी."

"मला बघायचंय." ते त्याच्याकडे वळले. "हसा."

असं कुणाला हसता येतं? त्यानं दात दाखवले. डॉक्टरांनी एक विनोद सांगितला, तो इतका वाईट होता की कंपाउंडरसुद्धा हसला नाही. मला माहीत होतं काय करायचं ते. पण खोलीत दोन परके पुरुष होते आणि आयुष्यात मी चारचौघांत कविताही म्हटली नव्हती. शाळेत गॅदरिंगला मी कायम पडदा ओढणाऱ्यांत.

मी डोळ्यांसमोर फाटक आणलं. मग उभी राहिले, पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचला, ओठ पुढे काढले आणि हातातल्या नसलेल्या बशीतून फुरका मारला. "व माय! हाऊ डॉक्टर का जावई शे? इतलं काय पुसी ऱ्हायना त्याले? पोऱ्या झोपस तर झोपू द्या ना!"

कंपाउंडर फस्सकन हसला. माझा नवरा आधी ओठ दाबून बसला होता, मग त्याला आवरेना. तो खरं, पोटातून हसला, आणि हसू तोंडावर असतानाच त्याची हनुवटी छातीवर आली, हात मांडीवरून खाली लोंबले आणि तो खुर्चीतून घसरायला लागला. मी एक दंड धरला. दुसरा डॉक्टरांनी, ते टेबलाला वळसा घालून धावत आले होते.

"ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

पापण्या हलल्या. म्हणजे येत होतं.

अर्ध्या मिनिटानं तो सरळ बसला. डॉक्टर पुन्हा खुर्चीत बसले नाहीत. कपाटातून एक जाड पुस्तक काढून उभ्यानंच पानं उलटत राहिले. "नार्कोलेप्सी," ते म्हणाले. "वाचलंय मी, पेशंट पहिल्यांदा बघतोय. मुंबईला दाखवून पक्कं करू. पण हा आळस नाही. मेंदूचं झोपेचं बटण बिघडलंय. ह्या माणसानं आजवर जागं राहायला जेवढी मेहनत केली असेल, तेवढी मी डॉक्टर व्हायला केली नाही."

तो तेव्हा रडला. हसण्यानं मान पडते, रडण्यानं पडली नाही, हेही मी नंतर वहीत लिहिलं.

दिवसातून दोनदा ठरवून वीस मिनिटं झोप, गोळ्या मुंबईहून, आणि स्कूटर बंद. परतीच्या बसमध्ये पहिल्या दोन गोष्टींवर तो बोलला, तिसरीवर नाही.

घरी मधल्या खोलीत मीच सांगितलं. चार वाजून गेले होते, सगळे नुकते उठलेले, चहा व्हायचा होता. अक्कानं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोपना रोग? मंग तो तर आमले बठ्ठासलेच शे."

 सासूबाई त्याच्या गालाकडे बघत होत्या. भाजलेली कातडी निघून खाली गुलाबी डाग राहिला होता, आणि त्याला वर आपणच पाठवलं, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. नाना म्हणाले, "बरं, डॉक्टर सांगतात तर घेऊ गोळ्या. पण स्कूटरचं काय, सावकाश चालवेल तो. पोरीची शाळा आठ दिवसांवर आली."

"स्कूटर मी चालवीन," मी म्हणाले.

"तू?" नाना हसले. "आणि हा मागं बसणार? गल्लीतून?"

माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला, पण तो कुठे अडला नाही. "नाना, टाकीची सावली सरकली तेव्हा हे सरकले नाहीत. फाटकात गाडी आली तर सरकतील का? पोरगी पुढं उभी असेल."

कूलरमधून पाणी ठिबकत होतं.  सासूबाई उठल्या आणि चहाचं आधण ठेवता ठेवता भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "साडी चाकात जाईल. पंजाबी ड्रेस शिवून घे."

अक्कानं फक्त विचारलं, "डॉक्टरले मनी नक्कल कोनी दाखाडी?" कारण त्यानं, माझ्या नवऱ्यानं, तेवढं एक सांगून टाकलं होतं. मी दाखवली, असं म्हणाले. "कर बरं आते," ती म्हणाली. मी केली नाही. अजून केलेली नाही, तिच्यासमोर.

त्यानंच मला शिकवलं. सकाळी सहाला, कॉलेजच्या मैदानावर. झोपून उठल्यावरचा पाऊण तास आमच्या घरात त्याच्याइतका जागा माणूस दुसरा नसतो. क्लच सोडताना गाडी दचकायची, तो शेजारी धावत असायचा, "हळू, हळू, मनगट फिरव, बघ समोर, माझ्याकडे नको." पाचव्या दिवशी तो धावायचा थांबला आणि मला ते दोन फेऱ्या झाल्यावर कळलं. सातव्या दिवशी त्यानं किल्लीचा जुडगा खिशातून काढला, त्यातली स्कूटरची किल्ली सोडवली आणि माझ्या हातात दिली.  जुडग्यात राहिलेल्या दोन किल्ल्या खिशात टाकल्या.

शाळेचा पहिला दिवस. मुलगी पुढे, मी मधे, तो मागे. गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं होती, आदल्या दिवशी अक्कानं दवंडी पिटली असणार. मी कुणाकडे बघितलं नाही, कारण तो 'बघ समोर' म्हणाला होता. निघण्याआधी तो वीस मिनिटं झोपला होता, तरी आम्ही एक पद्धत ठरवली होती. मुलीनं पाढे विचारायचे, त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर तिनं माझ्या हातावर चापट मारायची आणि मी गाडी बाजूला घ्यायची. तिला स्वतःला दोनपर्यंतच येत होते. बाकीचे ती अंदाजानं विचारी.

"बाबा, सात पंचे?"

"पस्तीस."

"नऊ नऊ?"

"एक्याऐंशी."

फाटक बंद होतं. मी गाडी थांबवून इंजिन बंद केलं, दोन्ही पाय टेकवले. आजूबाजूला सायकली, एक केळीचा ट्रक, रिक्षा. मालगाडी आली. डबे संपता संपेनात.

"बाबा, बारा सत्ते?"

माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, त्याचं कपाळ टेकलं. वजन हळूहळू वाढत गेलं. हातावर लहानशी चापट बसली. "आई, बाबा झोपले."

"हो," मी म्हणाले.

शेवटचा डबा गेला, फाटक वर जायला लागलं. सायकली हलल्या, रिक्षा गेली. मागून एकानं हॉर्न दिला, मग ट्रकवाल्यानं दिला, मग कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, चला की! गाडी येत नाही तर घेता कशाला?"

मी पाय टेकून तशीच उभी राहिले. त्यांना जायला उजवीकडून जागा होती. मी डावा हात मागे नेऊन त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "अहो," मी म्हणाले, "फाटक उघडलं." मग पुन्हा एकदा, तेवढ्याच आवाजात. मुलगी मान वळवून त्याच्याकडे बघत होती, तिला घाई नव्हती.

पाठीवरचं वजन कमी झालं.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला.

मी किक मारली.